उचलणे निराळे, पेलणे निराळे

हैदराबादेतील सुलतान बाजार पूर्वी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई. इंग्रज रेसिडेंटाच्या अखत्यारीतील हा भाग १९३३ साली निजाम सरकारकडे परत आला. शेजारीच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची रेसिडेन्सीची भव्य वास्तू आहे. तिच्या दर्शनी सज्जाचे छत उंच खांबांनी तोलून धरले आहे. २०२० साली याच बाजारावरून मेट्रो धावू लागली; तिचा भारही खांबांवरच आहे. जेथे भार पेलण्याची योजना असेल तेथेच आधार द्यावा, हा गवंड्याचा जुना नियम मोटार दुरुस्त करणाऱ्यालाही तितकाच लागू पडतो.

मोटारीपूर्वी बैलगाडी होती. चाक काढून आसाला वंगण घालावयाचे, तर पहारीने गाडी उचलावी आणि आसाखाली लाकडी ठोकळा सारावा. पहार उचलण्यासाठी, ठोकळा पेलण्यासाठी, हा भेद खेड्यातील सुतारालाही ठाऊक होता.

मोटारीबरोबर जॅक आला. ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याच तत्त्वावरील सुटसुटीत जॅकचे पेटंट न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन याने १८५१ साली मिळविले. एका माणसाच्या हाताने कित्येक मणांचे ओझे वर येऊ लागले. मात्र हा सारा भार तेलावर आणि तेल अडविणाऱ्या लहानशा वेष्टनावर असतो. ते वेष्टन झिजले की गाडी खाली येते. म्हणून गाडी जॅकने उचलावी, पण ती लोखंडी घोडीवरच टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

घोडी कोठे लावावी, याचे उत्तर मात्र काळानुसार बदलले. १९१२ च्या सुमारास निजामासाठी घडविलेली पिवळी रोल्स रॉइस आज चौमहल्ला राजवाड्यात आहे. तिचा सांगाडा एका कंपनीचा, तर वरची पेटी बार्कर या दुसऱ्या कंपनीची. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी रस्त्यावरील वाहतूक सुरू केली. त्या काळच्या बसगाड्याही अशाच भक्कम चौकटीवर बांधल्या जात. चौकटीखाली किंवा आसाखाली आधार दिला की काम भागे.

पुढे चौकट आणि पेटी एकजीव झाली. १९५० नंतरच्या दशकात अवतरलेली व २०१४ पर्यंत बनत राहिलेली अँबॅसडर याच जातीची. अशा गाडीचा तळ म्हणजे पातळ पत्रा. त्याखाली घोडी लावली तर पत्रा चेपतो, आणि गाडी घसरण्याचेही भय असते. म्हणून निर्मात्याने मजबूत करून ठेवलेल्या जागीच, किंवा त्याने अनुमती दिली असेल तर आसाखाली, आधार द्यावा लागतो.

जमीन सपाट व टणक असावी. मऊ मातीत घोडीचे पाय रुततात. जमिनीवर टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी द्याव्यात; मागचा भाग उचलला असता हातब्रेक पुढील चाकांना आवरीत नाही. घोड्या जोडीने, सारख्या उंचीवर लावाव्यात. गाडी त्यांवर सावकाश उतरवावी आणि खाली शिरण्यापूर्वी हाताने हलवून पाहावी.

यंत्रे बदलली, गाड्यांची अंगकाठी बदलली. पण सुताराच्या त्या ठोकळ्याची जागा जॅकला अद्याप घेता आलेली नाही.