लंगोट कोणी धुवायचे?

आता आपण बाळाच्या तयारीकडे वळू. आपल्याकडे बाळ जन्मायच्या आधी नवीन कपडे घेत नसत. घरातलं जुनं लुगडं फाडायचं, त्याची दुपटी, लंगोट करायचे, उरल्यासुरल्या तुकड्यांची गोधडी. अंधश्रद्धा म्हणून आपण ही चाल सोडून दिली. पण त्यात व्यवहारही होता बघा: धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड बाळाला टोचत नाही, आणि काही वायाही जात नाही.

तिकडे अमेरिकेत १९५१ साली मॅरियन डोनोव्हन यांना लंगोटावरच्या जलरोधक आवरणाचं पेटंट मिळालं. तेही धुऊन पुन्हा वापरायचं होतं. १९६१ मध्ये पॅम्पर्स आलं, आणि ‘वापरा नि टाका’ची चाल पसरली. आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या डायपरची वेगळी दखल घ्यावी लागली.

पण आपण एक विसरतो. ते लंगोट धुणारे हात बाईचेच होते. डायपरनं त्या हातांना उसंत दिली. तेव्हा जुन्या कापडाकडे परतायचं असेल, तर धुण्याची पाळी बापाकडेही यायला हवी. नाहीतर कचरा कमी केल्याचं श्रेय आपण सगळे घेऊ, आणि कष्ट तेवढे तिच्या वाट्याला येतील.