चित्राला बक्षीस कोण देतं, आणि का?



चित्रप्रदर्शनात निकाल लागल्यावर लोक कसे फिरतात, हे कधी दाराशी उभं राहून बघा. पाहुणा आधी फ्रेमच्या कोपऱ्यातली चिठ्ठी वाचतो, मग चित्र बघतो. 'प्रथम' लिहिलेलं असलं की दोन पावलं मागे सरून नीट बघतो. चिठ्ठी नसली की पुढे सरकतो. म्हणजे चार बोटांच्या त्या कागदाने आपलं बघणंच ठरवलं. हा कागद आला कुठून, त्यावर काय लिहायचं ते कोण ठरवत आलं, आणि ज्यांना तो मिळाला नाही त्यांचं काय झालं, एवढ्या तीनच गोष्टी आज बोलायच्या आहेत.

सुरुवात आपल्या गावापासून करू. महालातली चितार ओळ तुम्हाला माहीत आहे. तिथे आजही गणपती घडतात, देवी घडतात. या ओळीतल्या कारागिराच्या कामाची परीक्षा गिऱ्हाईक करत आलं. काम पसंत पडलं की पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं, तेच त्याचं बक्षीस. दहा जणांच्या मूर्ती एका रांगेत मांडून पहिली, दुसरी, तिसरी असे नंबर लावायची गरज कुणाला पडली नव्हती.

ही रीत आली प्रदर्शनाबरोबर. १८५१ साली लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. वस्तूंचे वर्ग पाडायचे, प्रत्येक वर्गाला ज्युरी नेमायची आणि पदकं द्यायची, ही पद्धत तिथून जगभर पसरली. इकडे १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झालं. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत, डिसेंबर १८६५ मध्ये, नागपुरात कला, कारागिरी आणि शेतमाल यांचं मोठं प्रदर्शन भरलं. आपला अजब बंगला त्याच्या दोन वर्षं आधीचा, १८६३ चा. कला आणि शेतमाल एकाच प्रदर्शनात, ही गोष्ट लक्षात ठेवा. कापूस पारखायचा तर धागा किती लांब, किती मऊ, हे हाताने सांगता येतं. चित्राचा धागा कुठे मोजायचा? पण क्रमांकाची सवय दोन्हीकडे सारखीच लागली.

आता मुंबईला जाऊ. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. सुरुवातीला तिच्यावर साहेबमंडळींचा पगडा होता. हौशी युरोपियनांची चित्रं भिंतीवर असत आणि परीक्षकही त्यांच्यातलेच. अशा ठिकाणी १८९५ साली कोल्हापूरहून आलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांना सुवर्णपदक मिळालं. भारतीय चित्रकाराला हे पदक मिळण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते. धुरंधर पुढे जे. जे. स्कूलमध्ये दीर्घकाळ शिकवत राहिले. महाराष्ट्रातल्या कितीतरी पोरांच्या घरात 'चित्रकला काढून पोट भरतं का?' या प्रश्नाला उत्तर म्हणून असं एखादं पदक कामी आलं असेल. म्हणून पदकाला उगाच नावं ठेवू नयेत. चित्रकाराला ते शोभेचं वाटेल, पण त्याच्या वडिलांना तो पुरावा वाटतो.

पण परीक्षक नेमकं काय बघतो? याचं एक फार बोलकं उदाहरण आहे. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात राजा रविवर्मांनी दहा चित्रं पाठवली आणि त्यांना पारितोषिकं मिळाली. आपल्याकडे सर्रास 'सुवर्णपदकं' म्हणतात. शिकागोत मात्र सोनं-रुपं असा भेदच ठेवला नव्हता. ठरलेल्या दर्जाला पोचलेल्या प्रत्येकाला एकाच प्रकारचं ब्राँझचं पदक, आणि सोबत प्रशस्तिपत्र. त्या पत्रात पदक का दिलं, याचं कारण लिहायचं, असा नियम होता.

रविवर्मांच्या प्रशस्तिपत्रात काय कारण दिलं असेल? रंग? रचना? चेहऱ्यावरचा भाव? नाही. ही चित्रं मानववंशशास्त्राच्या दृष्टीने मोलाची आहेत, उच्च जातीतल्या स्त्रियांच्या सौंदर्याचे प्रकार, त्यांची वेशभूषा, समारंभातल्या वस्तू यांचे तपशील काळजीपूर्वक आले आहेत, अशा अर्थाचं कौतुक त्यात आहे. म्हणजे बक्षीस मिळालं, पण चित्रकार म्हणून नव्हे, माहिती पुरवणारा म्हणून! आपल्याला याचा राग येईल. तरीही मला तो नियम आवडतो. कारण लिहिलं होतं, म्हणूनच सव्वाशे वर्षांनंतर आपण त्या परीक्षकाची नजर तपासू शकतो. नुसतं पदक असतं तर आपण आजही छाती फुगवून बसलो असतो.

आता दुसरी बाजू. बक्षीस ही शेवटची चाळणी. तिच्या आधी एक मोठी चाळणी असते, ती म्हणजे निवड. कोणतं चित्र भिंतीवर लागणार आणि कोणतं परत जाणार? बक्षिसाची बातमी छापून येते, निवडीची येत नाही. इतिहासातली मोठी भांडणं मात्र या पहिल्या चाळणीवरूनच झाली.

१८६३ सालचं पॅरिस घ्या. तिथल्या 'सालों' या सरकारमान्य प्रदर्शनासाठी सुमारे पाच हजार चित्रं आली, आणि ज्युरीने त्यातली निम्म्याहून जास्त परत केली. ओरड इतकी झाली की सम्राट तिसऱ्या नेपोलियनने हुकूम काढला: नाकारलेली चित्रंही मांडा, लोकांनाच ठरवू द्या. लोक आले आणि पुष्कळसे हसून गेले. पण त्या हशात माने, पिसारो, सेझान, व्हिसलर यांची कामं होती. पुढच्या पन्नास वर्षांची चित्रकला त्या 'नापास' दालनातून निघाली. लोकांचा कौल त्या दिवशी ज्युरीपेक्षा शहाणा होता असं नाही. फरक एवढाच, की चित्रं दिसली. दिसलेल्या चित्राचा फेरविचार होऊ शकतो. गाठोड्यात परत गेलेल्याचा होत नाही.

आपल्या देशातलं उदाहरण अमृता शेरगिलचं. १९३३ साली पॅरिसच्या ग्रँड सालोंमध्ये तिला सुवर्णपदक मिळालं होतं. भारतात परतल्यावर १९३५ साली तिने सिमला फाइन आर्ट्स सोसायटीकडे दहा चित्रं पाठवली. पाच परत आली. उरलेल्यांपैकी एकाला फरीदकोटच्या महाराजांच्या नावाचं बक्षीस जाहीर झालं. तिने ते नाकारलं, आणि तुमच्या साच्यात बसेल अशा कुणाला तरी हे द्या, अशा आशयाचं पत्र लिहिलं. दोनच वर्षांनी, १९३७ साली, बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या 'तीन मुली' या चित्राला सुवर्णपदक दिलं. ते चित्र आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. चित्रकार तीच, देश तोच. टेबलामागची माणसं तेवढी वेगळी होती.

म्हणून 'खऱ्या प्रतिभेला नेहमी डावललंच जातं' हेही खरं मानू नका. ही समजूत गोड आहे, पण इतिहासाला धरून नाही. सय्यद हैदर रझांचंच बघा. मंडला जिल्ह्यात जन्म, आणि १९३९ ते १९४३ शिक्षण आपल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये, बापूराव आठवल्यांच्या हाताखाली. मग मुंबई. १९४६ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं रौप्यपदक. १९४७ साली सूझा, आरा, हुसेन वगैरे मंडळींबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, म्हणजे प्रस्थापितांविरुद्ध बंड. आणि १९४८ साली त्याच सोसायटीचं सुवर्णपदक! बंडही चालू, पदकही खिशात. संस्था चुकतात, आणि परीक्षक बदलले तर सुधारतातही.

याच ग्रुपमध्ये १९५० साली आलेले वासुदेव गायतोंडे जन्माने नागपूरचे, १९२४ चे. त्यांच्या एका चित्राला २०१५ साली मुंबईच्या लिलावात २९ कोटींहून जास्त किंमत आली. भारतीय चित्रासाठी तो तेव्हाचा उच्चांक होता. लिलावाचा हातोडा हाही एक परीक्षकच. पण तो कारण सांगत नाही, फक्त आकडा सांगतो.

मग आपल्या गावातल्या, मोहल्ल्यातल्या, कॉलेजातल्या प्रदर्शनांनी यातून काय घ्यावं? गडचिरोलीहून किंवा वर्ध्याहून एखादी मुलगी प्रवेश शुल्क भरते, उसने पैसे घेऊन फ्रेम करते, बसच्या टपावर जीव टांगून चित्र आणते. तिच्यासाठी 'निवड नाही' हे दोन शब्द फार जड असतात. कधीकधी घरची मंडळी त्या दोन शब्दांवर तिचं पुढचं शिक्षण ठरवतात.

म्हणून तीन साध्या गोष्टी. परीक्षकांची नावं आधी जाहीर करा. म्हणजे कोणाच्या नजरेसमोर चित्र ठेवतोय हे कळेल. दुसरं, प्रत्येक बक्षिसाखाली दोन ओळी कारण लिहा. 'उत्कृष्ट' हे कारण नव्हे, तो शेरा झाला. 'सावलीतला हिरवा रंग धीटपणे वापरलाय' हे कारण. तिसरं, नाकारलेल्या चित्रांची नोंदवही ठेवा, आणि जमलं तर शेवटच्या दिवशी तीही एका भिंतीवर लावा. खर्च काय? काही खिळे आणि थोडी सुतळी.

परीक्षकाकडून अचूक निकालाची अपेक्षा मी करत नाही. ती शिकागोत पुरी झाली नाही, सिमल्यात झाली नाही. पण निकाल तपासता येईल असा द्यावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. आज ज्यांच्या चित्राला चिठ्ठी लागली त्यांचं अभिनंदन. ज्यांच्या लागली नाही त्यांनी परीक्षकांना नम्रपणे एकच प्रश्न विचारावा: 'सर, काय कमी वाटलं?' आणि परीक्षकांनी त्याचं उत्तर द्यावं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.