बोअर कितीही खोल घ्या, मुरलेलं पाणी तेवढंच. गावाचा हिशोब असा मांडा

पुणे जिल्ह्यात चाकण, रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली या पट्ट्यात कारखाने आले, मागोमाग चाळी, गोडाऊन आणि सोसायट्या आल्या. नळाचं पाणी पुरत नाही तिथे टँकर जातो. हा टँकर बऱ्याचदा जवळच्याच शिवारातल्या विहिरीवर नाहीतर बोअरवर भरलेला असतो. म्हणजे शेतकरी, कंपनी आणि सोसायटी असे तिघेही एकाच साठ्यावर.

इथला खडक बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण. वाळूत साठतं तसं पाणी यात सगळीकडे साठत नाही. वरचा मुरूम, सच्छिद्र मांजऱ्या खडक आणि दगडातल्या भेगा, एवढीच काय ती जागा. 600 फुटांवर पाणी लागलं तरी ते भेगेत साठलेलं जुनं पाणी असतं, नाहीतर वरच्या विहिरींचंच खाली ओढलेलं. एकाचा बोअर चालू झाला की शेजाऱ्याची विहीर उतरते ती यामुळेच.

आता हिशोब. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी होतं. 500 मिलिमीटरचे झाले 50 लाख लिटर. त्यातलं बरंचसं ओढ्याने जातं, उन्हाने उडतं, पिकं पितात. बेसॉल्टमध्ये खडकाप्रमाणे साधारण 7 ते 13 टक्केच पाणी मुरतं असं धरतात, घट्ट पाषाणात त्याहून कमी. सोयीसाठी 10 टक्के धरू. हेक्टरी 5 लाख लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे 50 टँकर, तेही अख्ख्या वर्षाचे.

ज्या विहिरीवरून रोज एक टँकर जातो, तिला वर्षाला सात हेक्टरांहून जास्त रानात मुरलेलं पाणी लागतं. मालकाचं रान दोन हेक्टर असेल, तर बाकीचं पाणी कोणाचं?

पण दोष एकट्या टँकरचा नाही. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. 500 पावसाचं वजा केलं तरी हेक्टरी दीड कोटी लिटर उपसा. काही पाणी परत मुरतं हे खरं, तरी 30 हेक्टरांचं मुरलेलं पाणी एका हेक्टर उसात जातं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने हाच हिशोब ग्रामसभेत आणला. पाऊस मोजायचा, आधी माणसं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, उरलेल्यावर पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद. बंधारे बऱ्याच गावांत झाले. उपशाला आवर घालणारी गावं मात्र थोडीच.

कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 हा 2014 पासून लागू झाला. अधिसूचित क्षेत्रात शेती किंवा उद्योगासाठी 60 मीटर, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा खोल विहीर-बोअर घेता येत नाही. बोअरची गाडी रात्रीतून येऊन जाते, हा भाग वेगळा.

सुरुवात करायला खर्च नाही. शिवारातल्या चार-पाच विहिरी निवडा, त्यातली एक तरी उंचावरची घ्या. पावसाळा संपल्यावर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात, सकाळी मोटर चालू करण्याआधी काठापासून पाण्यापर्यंत टेप सोडा. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही निरीक्षण विहिरींची पातळी अशीच मोजते; तिच्या जिल्हा कार्यालयात आपल्या भागातल्या विहिरीचे आकडे मागता येतात.