आंतरविद्याशाखीय संशोधन
आंतरविद्याशाखीय संशोधन : निरनिराळ्या विद्याशाखांतील अभ्यासकांनी एकाच प्रश्नावर मिळून केलेले संशोधन. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इनामगाव (ता. शिरूर) येथे केलेले उत्खनन हे त्याचे उत्तम उदाहरण होय. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली झाले. पुरातत्त्वज्ञांनी घरे, खापरे व दफने उजेडात आणली. पुरावनस्पतिज्ञांनी जळक्या दाण्यांवरून सातूसारखी पिके ओळखली. प्राण्यांच्या हाडांवरून पशुपालन व शिकार, तर मानवी सांगाड्यांवरून व दातांवरून लोकांचे आरोग्य व आहार समजला. कोणत्याही एका शास्त्राला न दिसणारे ग्रामजीवनाचे समग्र चित्र अशा सहकार्यातूनच उभे राहते.