कावेरीच्या उत्तरेचे डायनोसॉर

तंजावूरची जमीन कावेरीने आणलेल्या गाळाची. नांगराच्या फाळाला तिथे डायनोसॉरचे हाड लागायचे नाही. कोळ्ळिडम ओलांडून उत्तरेला अरियलूरकडे गेले की मात्र क्रिटेशस काळातले चुनखडक आणि वालुकाश्म उघडे पडतात. १८६०च्या दशकात एच. एफ. ब्लॅनफर्ड यांनी त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, तर १९२९मध्ये चार्ल्स मॅटली यांनी तिथल्या डायनोसॉरांवर लिहिले.

तोवर युरोप-अमेरिकेत शाकाहारी डायनोसॉरांची वर्गवारी बरीच पुढे गेली होती. तंजावूरला दुसरे सरफोजीराजे गादीवर असताना, १८२५मध्ये, गिडिअन मँटेल यांनी दातांवरून इग्वानोडॉनला नाव दिले. त्याच्या अंगठ्याचा काटा आधी नाकावरचे शिंग समजला गेला. १८७८मध्ये बेल्जियममधील बेर्निसारच्या कोळसाखाणीत सांगाडेच्या सांगाडे सापडले, तेव्हा ही चूक पक्की उघड झाली. १८८१मध्ये अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ मार्श यांनी ऑर्निथोपॉड हा शाकाहारी डायनोसॉरांचा गट मांडला. पुढे जीवाश्मतज्ज्ञ सीली यांनी कमरेच्या हाडांवरून डायनोसॉरांचे दोन मोठे विभाग केले. ज्यांचे जघनास्थी मागे वळलेले, ते ऑर्निथिस्किअन, ऑर्निथोपॉड त्यांतलेच. आरंभीचे लहान, दोन पायांवर धावणारे; नंतरचे हॅड्रोसॉर अवजड, आणि जबड्यात शेकडो दातांची चघळणारी रास बाळगणारे. हेटेरोडोन्टोसॉर एकेकाळी याच गटात गणले जात. आता बहुतेक अभ्यासक त्यांना बाहेर काढतात.

भारतात ऑर्निथोपॉडचे निर्विवाद हाड मिळालेले नाही. अरियलूर परिसरात त्यांच्या सर्वांत जवळ जाणारा दावा आहे तो द्रविडोसॉरसचा. १९७९मध्ये यादगिरी आणि अय्यासामी यांनी त्याला स्टेगोसॉर, म्हणजे ऑर्निथोपॉडांचा दूरचा ऑर्निथिस्किअन भाऊबंद, ठरवून ब्लॅनफर्ड यांच्या नावाने 'ब्लॅनफर्डाय' ही जाती केली. पण ज्या थरात तो सापडला तो समुद्री. १९९६मध्ये चॅटर्जी आणि रुद्र यांनी ही हाडे प्लेसिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याची असल्याचे मत मांडले, आणि वाद तेव्हापासून चालूच आहे.

अरियलूर परिसरातल्याच कल्लमेडूच्या नदीगाळातल्या थरांची गोष्ट आणखी चमत्कारिक. तिथल्या बृहत्कायोसॉरसला यादगिरी आणि अय्यासामी यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मांसाहारी ठरवले. पुढे तो प्रचंड आकाराचा शाकाहारी सॉरोपॉड मानला गेला. 'मॅटलेयी' हे त्याच्या जातीचे नाव मॅटली यांच्यावरून. ठिसूळ हाडे विरून गेली. हाती राहिली रेखाटने आणि उत्खननाची जुनी छायाचित्रे. आकाराचे मोठमोठे आकडे त्यांवरच आधारलेले असल्याने ते जपूनच घ्यावेत.

भारत क्रिटेशस काळाच्या अखेरीस एकटा पडलेला भूखंड होता, म्हणून इथे ऑर्निथोपॉड नव्हते, असे सरळ म्हणता येत नाही. कल्लमेडूचाच एक दात २०१३मध्ये ट्रूडोन्टिड डायनोसॉरचा म्हणून प्रसिद्ध झाला, आणि हे कुळ एरवी उत्तर गोलार्धातले. शिवाय दक्षिण अमेरिकेच्या त्याच काळातल्या खडकांत छोटे ऑर्निथोपॉड सापडतात. अशी बारीक हाडे चाळून काढण्याचे काम अरियलूरच्या थरांत फार थोडे झाले आहे.