सच्छिद्र धातू

सच्छिद्र धातू : ज्या घन धातूत सर्वत्र पसरलेल्या असंख्य बारीक पोकळ्या असतात, तिला सच्छिद्र धातू किंवा स्पंज-धातू म्हणतात. वितळलेल्या धातूत वायू सोडून ती फेसाळ करता येते; परंतु धातू न वितळविता केवळ रासायनिक विक्रियेने तीत छिद्रे निर्माण करण्याची पद्धती त्याहून पुष्कळ जुनी आहे. संयुगातील वा मिश्रधातूतील एक घटक काढून घेतला म्हणजे त्याची जागा रिकामी राहते व उरलेली धातू सच्छिद्र होते, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय.

महाराष्ट्रातील याचा प्राचीन पुरावा नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे मिळतो. शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८–८० मध्ये केलेल्या उत्खननात तेथील महापाषाणयुगीन वसाहतीत लोखंड गाळण्याची भट्टी उघडकीस आली. तिचा काळ इ. स. पू. सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. अशा भट्टीत लोणारी कोळशापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू धातुकातील ऑक्सिजन काढून घेतो (क्षपण). तापमान लोखंडाच्या वितळबिंदूपर्यंत (१,५३८° से.) पोहोचत नसल्याने धातू प्रवाही न होता धातुमळीमिश्रित सच्छिद्र गोळ्याच्या रूपात मिळते. लोहाराच्या दृष्टीने ही छिद्रे हा दोषच होता. गोळा पुनःपुन्हा तापवून व ठोकून तो मळी बाहेर काढी, छिद्रे बुजवी आणि मगच त्यापासून अवजारे घडवी.

छिद्रांचा गुण म्हणून उपयोग पुढे रसायनशास्त्रात झाला. अमोनियम क्लोरोप्लॅटिनेट तापविल्यास इतर घटक वायुरूपाने निघून जातात व स्पंज-प्लॅटिनम उरते. त्यावर हवेत हायड्रोजनाचा झोत सोडल्यास तो आपोआप पेटतो, असे जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहान व्होल्फगांग डबेरायनर यांनी १८२३ मध्ये दाखविले. मरी रॅनी या अमेरिकन अभियंत्यांनी १९२७ मध्ये सच्छिद्र निकेलाचे एकस्व (पेटंट) मिळविले. निकेल-ॲल्युमिनियम मिश्रधातू दाहक सोड्याच्या विद्रावात ठेवली असता ॲल्युमिनियम विरघळते. उरलेल्या निकेलाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे १०० चौ. मी.पर्यंत भरतो. वनस्पतिज तेलांच्या हायड्रोजनीकरणात ते उत्प्रेरक म्हणून वापरतात.

क्षपणाची जुनी पद्धतीही मोठ्या प्रमाणावर परत आली. १९९० नंतरच्या दशकात रायगड जिल्ह्यातील साळाव व डोलवी येथे नैसर्गिक वायूवर चालणारे स्पंज-लोखंडाचे कारखाने उभे राहिले. तेथील लोखंड ठोकून न घडविता पोलाद बनविण्यासाठी भट्टीत वितळवितात. बंगलोर येथे एम्. ईश्वरमूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये धातूच्या लवणाचा विद्राव सोडियम बोरोहायड्राइडाच्या विद्रावात नुसता मिसळून सोने, चांदी, प्लॅटिनम व पॅलॅडियम यांचे स्पंज तयार केले. यास भट्टी लागत नाही.

विस्तीर्ण पृष्ठभाग हा या धातूंचा गुण असला, तरी त्यातच धोकाही आहे. रॅनी निकेल कोरडे झाल्यास हवेत पेट घेते, म्हणून ते पाण्याखाली ठेवतात. उलट स्पंज-लोखंड ओले झाल्यास तापते व हायड्रोजन बाहेर टाकते. म्हणून ते कोरडे ठेवावे लागते आणि जहाजाने पाठविण्यापूर्वी बहुधा गरम असतानाच दाबून त्याच्या घट्ट विटा करतात.