प्रात्यक्षिकाचा प्रश्न

माध्यमिक शाळेंतील शास्त्राच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलाच्या दप्तरांत जी एक कव्हर घातलेली जाड प्रयोगवही असते, तिचा जन्म कोठें झाला हें सहसा कोणी विचारीत नाहीं. उद्देश, साहित्य, कृति, निरीक्षण, अनुमान हे तिच्यांतील मथळे आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या परिचयाचे झाले आहेत. आणि जी वस्तु फार परिचयाची होते, तिला इतिहास असतो याचा विसर पडतो. प्रस्तुत लेखांत त्या इतिहासाचा धागा धरून तो पूर्वीच्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तर टोकापर्यंत, म्हणजे २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडणाऱ्या तलासरी तालुक्यांतील उधवा गांवापर्यंत, आणण्याचा विचार आहे.

विद्यार्थ्यानें स्वतःच्या हातानें प्रयोग करावा ही कल्पना फारशी जुनी नाहीं. १८२४ सालीं लीबिग हा तरुण रसायनशास्त्रज्ञ जर्मनींतील गीसन येथें अध्यापक झाला आणि त्यानें आपल्या शिष्यांच्या हातीं नळ्या व तराजू दिले. तोंपर्यंत गुरूनें प्रयोग करावा व शिष्यांनीं दुरून पाहावा, असाच बहुधा शिरस्ता होता. पण हें झालें विद्यापीठांतलें. शाळेंतील मुलाची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी हा विचार प्रभावी झाला तो अमेरिकेंत, १८८० नंतरच्या दशकांत. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठीं पदार्थविज्ञानाच्या प्रयोगांची एक यादी करण्याचें काम एडविन हॉल याजकडे आलें. विद्युत्प्रवाहावरील चुंबकीय परिणामास ज्याचें नांव मिळालें आहे, तोच हा हॉल. त्याच्या यादींत सुमारें चाळीस प्रयोग होते. उमेदवारानें ते आपल्या शाळेंत करावे, वहींत नोंदवावे, ती वही परीक्षकांपुढें ठेवावी आणि शिवाय प्रयोगशाळेंत प्रत्यक्ष परीक्षा द्यावी, असा नियम होता. आपल्या प्रयोगवहीचें मूळ कुळ शोधावयाचें तर तें बहुतेक येथें सांपडेल.

याच सुमारास इंग्लंडांत आर्मस्ट्राँग या रसायनशास्त्रज्ञानें वेगळाच आग्रह धरिला होता. मुलास शोधकाच्या जागीं बसवा, उत्तर आधीं सांगूं नका, असें त्याचें म्हणणें. हॉलची यादी आणि आर्मस्ट्राँगची शोधपद्धति या दोहोंचा झगडा पुढें जगभर चालला, आणि परीक्षेच्या मांडवांत यादीच जिंकली. कारण उघड आहे. यादी छापतां येते, तपासतां येते, तिच्यावर गुण देतां येतात. मात्र यादी छापली कीं ती पाठही होते! तरी तिला सर्वस्वीं दोष देणें मला न्यायाचें वाटत नाहीं. यादी नसती, तर किती संस्थाचालकांनीं एक भिंग किंवा एक तापमापक तरी विकत घेतला असता, याची शंकाच आहे.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें तें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. तें प्रारंभीं शिकविणारें नव्हे, तर परीक्षा घेणारें विद्यापीठ होतें. १८५९ सालीं पहिली मॅट्रिक झाली आणि त्या परीक्षेच्या दाबाखालीं हायस्कुलांचा सारा अभ्यासक्रम घडत गेला. ज्या परीक्षेचें साहित्य कागद, शाई व टांक एवढेंच, तींत काचेच्या नळीला जागा मिळणें कठीणच. मराठींत शास्त्रीय ग्रंथ लिहिण्याची खटपट करणारी माणसें नव्हतीं असें नाहीं. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांचें नांव या संबंधांत आदरानें घ्यावें लागतें. पण ग्रंथ लिहिणें हें एका माणसाच्या हातचें असतें. परीक्षा बदलणें तसें नसतें.

१९४८ सालीं मुंबई प्रांतांत शालान्त परीक्षेसाठीं स्वतंत्र मंडळ झालें आणि पुढच्याच वर्षापासून मॅट्रिकची जागा एस्. एस्. सी. नें घेतली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानें पहिल्या दहा इयत्तांत सर्वांस विज्ञान व गणित आवश्यक करावें अशी शिफारस केली. हा निर्णय योग्य होता. पण त्यामुळें शहरांतील सुसज्ज हायस्कूल आणि डोंगरांतील शाळा यांना एकच माप लागलें. २०१८-१९ पासून महाराष्ट्र मंडळाच्या दहावींत विज्ञानाचे ८० गुण लेखी व २० प्रात्यक्षिकाचे. हे वीस गुण शाळेच्या पातळीवर दिले जातात. म्हणून मुलाची खरी तयारी वळते ती लेखी उत्तरपत्रिकेंतील 'आकृति काढून कृति लिहा' या प्रश्नाकडे, म्हणजेच प्रयोगाच्या वर्णनाकडे.

याहून निराळी वाट हिंदुस्थानांत चोखाळली गेली होती. १९७२ सालीं मध्य प्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत किशोर भारती व रसूलिया येथील मित्रमंडळ केंद्र या संस्थांनीं सोळा शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्यास प्रारंभ केला. त्यांच्या परीक्षेंत पुस्तक उघडें ठेवण्याची मुभा असे, आणि निराळी प्रायोगिक परीक्षाही होई. पुस्तक समोर असूनही जें उत्तर त्यांत सांपडत नाहीं, तेंच विचारावयाचें, हें तिचें मर्म. १९७८ पासून तो उपक्रम जिल्हाभर पसरला. २००२ सालीं सरकारनें तो बंद केला. तीस वर्षें चाललेली गोष्ट एका हुकुमानें थांबावी, हें मनास लागल्याशिवाय राहात नाहीं.

आतां उधव्याकडे वळूं. डहाणू-तलासरीचा हा पट्टा बहुतांशी वारली व इतर आदिवासी समाजाचा. याच भागांत बोर्डी येथें १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, आणि अनुताई वाघ यांच्यासह तें पुढें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. पोर शाळेंत येत नसेल तर शाळा कुरणांत, गुरांमागें गेली पाहिजे, असा त्यांचा प्रयोग. तेथें शंख, बिया, पानें, माती हेंच शिक्षणाचें साहित्य होतें. बालवाडींत जें सुचलें, तें दहावीच्या विज्ञानाला कां सुचूं नये?

उधव्याच्या मुलाला घरीं वारली बोली, पुस्तकांत प्रमाण मराठी. 'दर्शक', 'नाभीय अंतर' हे शब्द त्याला दुप्पट परके. पण हळदीला चुना लागला कीं ती लाल होते, हें त्याच्या घरीं ठाऊक असतें. कुंकवाची जुनी कृति तीच. त्या लाल डागावर लिंबू पिळून पाहा, पिंवळा रंग परत येतो. आम्ल आणि आम्लारी यांचा अर्धा धडा येथें संपला, लिटमसच्या कागदाची वाट न पाहतां. भिंगाचेंही तसेंच. खिडकीबाहेरच्या ताडाची प्रतिमा भिंतीवर उलटी उमटवून भिंगापासून भिंतीपर्यंतचें अंतर मोजलें कीं नाभीय अंतर मिळालें. मग विचारावें : अर्धें भिंग कागदानें झांकलें तर काय होईल? पाठ केलेला मुलगा 'अर्धा ताड दिसेल' म्हणेल. करून पाहिलेल्याला ठाऊक असतें कीं ताड सबंध दिसतो, फक्त मंद.

आणि या तालुक्यानें तर याहून दारुण प्रात्यक्षिक पाहिलें. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीस भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. २०१९ च्या आरंभीं, म्हणजे ऐन परीक्षेच्या मोसमांत, चार रिश्टरच्या वरचेही हादरे बसले, एका बालिकेचा जीव गेला, आणि माणसें थंडींत घराबाहेर तंबूंत निजूं लागलीं. हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेनें येथें भूकंपमापक बसविले. धक्क्याआधीं जमिनींतून गुरगुर ऐकूं येई, असें लोक सांगत. जमिनींतून धांवणाऱ्या दोन लहरींपैकीं वेगवान लहर आधीं पोंचते, जोरानें हलविणारी मागून येते. दोहोंमधील प्रत्येक सेकंदास सुमारें आठ किलोमीटर धरले तर उगम किती दूर, याचा अंदाज बांधतां येतो. भूकंपावरचा धडा पुस्तकांत दोन पानांचा असतो. ज्या मुलानें त्या रात्री अंगणांत काढल्या, त्याला परीक्षेंत भूकंपमापकाची व्याख्या विचारण्याऐवजीं गुरगुर व हादरा यांतील अंतरावरून उदाहरण घालावें, आणि उत्तर काढावयास पुस्तक, फूटपट्टी व कागद हातीं द्यावा.